बंबापुढची जीप

"सात मिनिटं," औषधवाले तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

औषधवाले म्हणजे आमच्या नगरपरिषदेच्या अर्थसमितीचे सभापती. चौकात त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि सभागृहातही ते गोळ्या मोजून द्याव्यात तसे शब्द मोजून देतात. माणूस वाईट नाही. तोच तर त्रास होता, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. अंदाजपत्रकाची सभा चालू होती. त्यांनी मांडलेला प्रस्ताव अगदी सरळ होता. फाटकापलीकडची बंबाची चौकी बंद करायची, तिथला लहान बंब आणि माणसं मोठ्या अग्निशमन केंद्रात आणायची, आणि वाचलेल्या पैशातून बसस्थानकामागच्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवे लावायचे. मोठ्या केंद्रातला बंब रेल्वेचं फाटक ओलांडून पलीकडच्या वस्तीत सात मिनिटांत पोचतो, असं समितीच्या पाहणीत दिसलं होतं. मग दोन-दोन चौक्या पोसायच्या कशाला?

फाटकापलीकडे मी राहते. निवडून येईपर्यंत मी दिवसभर गाद्यांच्या खोळी शिवायची, आता सभा संपल्यावर शिवते. आमची इमारत नगरपरिषदेच्याच मालकीची, तीन मजली. तळमजल्यावर गाद्यांचे कारखाने आहेत, म्हणजे फोमचे ढीग, डिंकाचे डबे आणि पायात येणाऱ्या चिंध्या. तिसऱ्या मजल्यावर आम्ही, म्हणजे मी आणि माझे सासरे, आप्पा. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतो. झटका येऊन गेल्यापासून आप्पांची उजवी बाजू त्यांचं ऐकत नाही, तोंड मात्र पूर्वीपेक्षा जास्त चालतं. ते जिना उतरलेले नाहीत त्याला दोन वर्षं होत आली.

मी सभेला निघाले की आप्पा खिडकीत बसतात. खिडकीसमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे बंबाची चौकी. चौकीतल्या लोकांनी मला शब्द दिलाय की खाली काहीही पेटलं तर आधी आप्पांना उचलायचं, मग बाकीचं बघायचं. त्या शब्दावर मी दार ओढून घराबाहेर पडते. चौकी गेली तर मला बाहेर पडता येणार नाही, आणि पडले तरी जीव खिडकीत अडकलेला राहील. एवढी साधी गोष्ट होती, पण ती अंदाजपत्रकाच्या भाषेत कशी सांगायची ते मला सुचत नव्हतं. म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, "हे खोटं आहे."

सभागृहात बाकं वाजायला लागली. आमच्याकडे कुणाचं पटलं तरी बाकं वाजवतात आणि नाही पटलं तरी वाजवतात, त्यामुळे नवीन माणसाला काही कळत नाही. अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. त्या पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्यांची घंटा वाजली की चांगले चांगले लोक हाताची घडी घालतात.

अग्निशमन अधिकारी उठले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी स्वतः घड्याळ लावलं होतं, ताई. मी खोटं लिहीत नाही."

"फाटक विसरलात. भाजीबाजार विसरलात. त्या बाजारातून मला पिशवी घेऊन निघायला अर्धा तास लागतो."

"तुम्ही भाव करता म्हणून लागतो," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "सभासदाला शंका आहे. उद्या सकाळी पुन्हा बंब सोडा. समितीही जाईल. ताई, तुम्ही स्वतः बंबात बसा आणि डोळ्यांनी बघा. परवा मतदान घेऊ."

मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. मी जिंकलेच, असं समजून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंबात चालकाशेजारी बसले. खरं सांगते, बंबात बसल्यावर माणसाचं वय कमी होतं. ती उंच बसायची जागा, ती लाल नाकाडी, आणि भोंगा सुरू झाला तेव्हा छातीत जे हललं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी भांडायला आले आहे हे काही क्षण विसरूनच गेले. अधिकाऱ्यांनी घड्याळ दाबलं, बंबाने फाटकाकडे धाव घेतली, आणि मागून समितीची बस निघाली.

भाजीबाजार आला. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि बंब अडकण्याची वाट बघायला लागले. पण बाजार दुभंगला होता. हातगाड्या कडेला लावलेल्या, टेम्पो गल्लीत घातलेले, बायका पिशव्या पोटाशी धरून दुकानांच्या पायऱ्यांवर उभ्या. मधला रस्ता एवढा रुंद आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि बंबाच्या पुढे, दिवा फिरवत, वाहतूक शाखेची एक जीप चालली होती.

"ही जीप कशाला?" मी चालकाला विचारलं.

"ती असतेच, ताई."

"बंबापुढे?"

"बंबापुढे नाही हो. तुमच्या बसपुढे. साहेब लोक कुठे निघाले की जीप लागते. आज बस बंबाच्या मागे आहे, म्हणून जीप बंबाच्या पुढे आली."

"आणि फाटक?"

"फाटकवाल्याला आधी विचारून घेतात. उघडं असेल तेव्हाच बस निघते. बसमध्ये बसून राहायला नको म्हणून."

फाटक उघडं होतं. आम्ही रूळ ओलांडले, वळण घेतलं आणि आमच्या इमारतीसमोर थांबलो. अधिकाऱ्यांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वर खिडकीतून आप्पा डावा हात जोरजोरात हलवत होते. माझी मान वर करायची हिंमत झाली नाही.

समितीचे सभासद बसमधून उतरले, रस्त्यात उभे राहून हातपाय मोकळे केले आणि मला बघून गालात हसले. औषधवाले मात्र जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला तुमची काळजी कळते, ताई. पण आकडा आकडा असतो."

कुणावर ओरडणार? जीप कुणी मागवली होती? कुणीच नाही. बाजार कुणी मोकळा करवला होता? कुणीच नाही. बस निघाल्यावर वाहतूकवाले निघतात, वाहतूकवाले निघाल्यावर गाड्या बाजूला होतात, आणि सभासद काचेतून बघतात तेव्हा त्यांना आपलं शहर नेहमी मोकळं दिसतं. इतकी वर्षं ते असंच बघत आले होते. त्यात लबाडी असती तर मी ती चव्हाट्यावर आणली असती, पण सवय कशी चव्हाट्यावर आणायची?

संध्याकाळी मी मशीनवर बसले आणि पहिल्याच खोळीत सुई मोडली.

"मिरवून आलीस, आणि राग मशीनवर का?" आप्पा म्हणाले.

"थट्टा नको, आप्पा."

"मी सकाळी एवढा हात केला, तू बघितलंसुद्धा नाहीस. बंबात बसल्यावर सासरे दिसत नाहीत वाटतं."

मी त्यांना सगळं सांगितलं. जीप, बस, बाजार, फाटक. सांगता सांगता आवाज चढला, कारण रडायचं नसलं की मी ओरडते. "उद्या मतदान आहे, आप्पा. जीप मागे ठेवा म्हटलं तर दुसरी जीप येईल. चोरून जाऊ म्हटलं तर अख्खी नगरपरिषद चोरून कशी नेणार? मी त्यांना बंबात बसवून काहीही दाखवू शकत नाही. ते बसले की रस्ता मोकळा होतो."

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. चौकीच्या दाराशी जाड्या बंब पुसत होता. जाड्या म्हणजे चौकीचा प्रमुख, आणि तो इतका वाळका आहे की हे नाव त्याला कुणी ठेवलं त्याचं कौतुक वाटतं. चौकीबाहेर एक बाक आहे. त्या बाकाशी आप्पांचा वेगळाच हिशेब होता, कारण यंदाच्या अंदाजपत्रकात माझी एकच मोठी कमाई होती. आमच्या इमारतीला लिफ्ट. त्यासाठी मी वर्षभर सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. लिफ्ट झाली की आप्पा खाली उतरणार आणि त्या बाकावर बसून रस्ता बघणार, असं ठरलं होतं. बाक कडक आहे म्हणून त्यांनी माझ्याकडून फोम घातलेली एक उशीसुद्धा शिवून घेतली होती, निळी, कडेला दुहेरी शिवण. ती कपाटावर वाट बघत पडली होती.

"मला एक सांग," आप्पा म्हणाले. "खाली पेटलं तर मी कुठे असेन?"

"इथेच. आणखी कुठे?"

"बंबात नसेन ना?"

"नाही."

"मग तुम्ही सगळे बंबाबरोबर कशाला धावताय? ज्यानं वाट बघायची तो तर इथे बसलाय."

मी मशीनवरून उठले. मी त्यांचा हात हातात घेतला आणि इतक्या जोरात दाबला की ते म्हणाले, "अगं, दाबायचा तर डावा दाब. याला काही कळत नाही."

आमच्या नगरपरिषदेत एक जुनी रीत आहे. कुठल्याही मतदानाआधी प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा स्थळपाहणी मागता येते. त्याने जागा सांगायची, सभेने निघायचं, वाद घालायचा नाही. रीत चांगल्या हेतूने पडली असणार. पण लोक ती पाहणी हक्काच्या सुट्टीसारखी जपून ठेवतात आणि मग तलावाची भिंत बघायला जातात, कारण तिथे सावली आहे आणि जेवण चांगलं होतं. माझी पाहणी तशीच शिल्लक होती.

तिसऱ्या दिवशी औषधवाल्यांनी मतदानासाठी कागद सरळ केले आणि मी उभी राहिले. "मी स्थळपाहणी मागते."

"स्थळ?" सचिवांनी विचारलं.

"माझं घर."

सभागृहात हशा पिकला. तलावाच्या पाहणीला नेहमी पुढे असणारे, बांधकामाचं सामान विकणारे एक सभासद आहेत, त्यांना सगळे पोटोबा म्हणतात. ते म्हणाले, "जेवण आहे का, ताई?"

"चहा आहे. आणि जिना आहे."

अध्यक्षबाईंनी घंटा पर्समध्ये घालायला घेतली, ती मावेना, म्हणून तिथेच ठेवली आणि म्हणाल्या, "चला."

बस निघाली. पुढे जीप लागलीच. बाजार मोकळा झाला, फाटक उघडं मिळालं, आणि आम्ही अगदी राजेशाही थाटात पोचलो. मला मनातल्या मनात हसू येत होतं, कारण ती जीप आता आमच्याबरोबर इकडे आली होती, आणि इकडेच थांबणार होती.

जिन्यावर पहिल्या मजल्यापर्यंत गप्पा चालू होत्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत फक्त श्वास ऐकू येत होते. डिंकाचा वास जिन्यात कोंडलेला असतो, आम्हाला तो जाणवत नाही, पण त्यांनी रुमाल काढले. एकेक जण आमच्या खोलीत शिरला आणि खोली भरली. कुणी पलंगावर बसलं, कुणी खोळींच्या गठ्ठ्यावर, कुणी मशीनच्या स्टुलावर. आप्पा खिडकीतल्या खुर्चीत असे बसले होते की सभेचे अध्यक्ष तेच आहेत असं वाटावं. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता, आणि बटणं वरखाली लागली होती. मी ती तशीच राहू दिली.

मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही खोटं लिहीत नाही, हे मला पटलंय. आता इथून फोन करा. सराव म्हणून मोठा बंब बोलवा. आम्ही इथे आहोत हे मात्र सांगू नका."

त्यांचे कान पुन्हा लाल झाले. पण माणूस सरळ होता. त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांसमोर बोलले. "सराव आहे. फाटकापलीकडे, गाद्यांच्या कारखान्यांची इमारत, तिसरा मजला, वर माणूस अडकलाय. मोठा बंब सोडा. चौकीचा लहान बंब जागेवर राहील. मी कुठे आहे ते विचारू नकोस." फोन ठेवून त्यांनी घड्याळ दाबलं. मी त्याच क्षणी चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळला. दूध उतू जाता जाता वाचलं. घरातले कप पुरेनात म्हणून मी पेले काढले, वाट्यासुद्धा काढल्या. सगळ्यांनी चहा घेतला, चांगला झालाय म्हणाले, आणि मग एकेकाची नजर घड्याळाकडे जायला लागली. औषधवाल्यांनी आपलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. सात मिनिटं झाली. खिडकीबाहेर रस्ता नेहमीसारखा होता.

तेवढ्यात लांबून मालगाडीची शिट्टी आली.

"फाटक पडलं," आप्पा म्हणाले. ते इतक्या खुशीत म्हणाले की मी त्यांच्याकडे डोळे वटारले.

मालगाडी जाता जाईना. तिची खडखड खोलीत ऐकू येते, भांडी हलकी किणकिणतात. मी पेले विसळायला घेतले. मला ते सगळं एकदम फार आवडायला लागलं होतं. मी दोन दिवस घसा फोडून जे सांगत होते ते त्या खोलीत कुणी न बोलता होत होतं. गाडी गेली. अधिकाऱ्यांचा फोन वाजला, ते दाराशी जाऊन बोलले आणि परत आले तेव्हा कुणाकडे बघेनात.

"फाटक उघडलंय, पण बंब अजून तिथवर पोचलेला नाही," ते म्हणाले. "बाजारात आहे. एक टेम्पो आडवा लागलाय. चालक आत नाही."

"भाव करत असेल," आप्पा म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. खोलीत उकडायला लागलं होतं. खालून कारखान्यातल्या कटिंग मशीनचा आवाज येत होता आणि डिंकाचा वास आता सगळ्यांच्या नाकात बसला होता. पोटोबा उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी खिडकीचा गज हलवून बघितला.

"हे निघतात का, ताई?"

"नाही."

"दुसरा जिना?"

"नाही."

ते दाराजवळ जाऊन उभे राहिले. मग आणखी एक जण दाराजवळ सरकला. मी सांगते, त्या दिवशी त्या घरात काहीही पेटलेलं नव्हतं, गॅससुद्धा मी बंद केला होता, पण अख्ख्या नगरपरिषदेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आप्पा एकटे निवांत होते. त्यांना सवय होती.

औषधवाल्यांनी मांडीवरचं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. "सात मिनिटं मी परत घेतो," ते म्हणाले.

खोलीत बाकं नव्हती म्हणून लोकांनी जे हाताला लागलं ते वाजवलं. पण औषधवाल्यांनी हात वर केला. "थांबा. चौकी ठेवायची, मान्य. पण दिवे मी सोडणार नाही. त्या रस्त्याने माझ्या दुकानातल्या मुली अंधारात घरी जातात. त्यांच्या वाटेवर उजेड हवा, आणि तोही याच वर्षी. ताई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. जो वाढ मागतो त्याने कुठून कापायचं ते सांगायचं. सांगा."

घोडं पेंड खात होतं ते इथे. मला ते कालपासून माहीत होतं आणि मी त्याकडे कानाडोळा करत होते. मी म्हणाले, "अध्यक्षांची नवी गाडी कापा."

"ती मागच्या वर्षीच कापली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी बसने येते."

"तलावाच्या पाहणीची जेवणं कापा."

"कापा," पोटोबा दारातून म्हणाले, "पण त्यात चौकीचा एक महिनासुद्धा निघणार नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी कपाटावरच्या निळ्या उशीकडे बघत होते. चौकीच्या खर्चाएवढी, माझ्या प्रभागातली, माझ्या हातातली एकच तरतूद होती.

"लिफ्ट कापा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही सभासद नाही."

"घर माझं आहे. साहेब, आग लागल्यावर लिफ्ट वापरतात का हो?"

"नाही," अधिकारी म्हणाले. "आगीत लिफ्ट वापरायचीच नसते."

"बघ. म्हणजे ती नुसती हवा खायला. हवा मला खिडकीतून येते." त्यांनी डाव्या हाताने माझ्या पदराला हिसका दिला आणि आवाज खाली आणला. "तू दार ओढून निर्धास्त बाहेर पडतेस ना, ते मला बघायचं आहे. बोल आता. लोक खोळंबलेत."

मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी तितकंच प्रेमही दाटून आलं. पण बोलायला हवं होतं, आणि सभासद म्हणून मीच बोलायला हवं होतं. मी ताठ उभी राहिले. "मी दुरुस्ती मांडते. फाटकापलीकडच्या चौकीची तरतूद कायम. दिव्यांची तरतूद कायम. आमच्या इमारतीच्या लिफ्टची तरतूद रद्द."

अध्यक्षबाईंनी घंटा शोधली, ती सभागृहात राहिली होती. त्यांनी चमचा घेतला आणि पेल्यावर वाजवला. शाळेची सवय, त्या चमच्यालाही सगळे गप्प झाले. "बाजूने कोण?"

पहिला हात औषधवाल्यांचा होता. मग बाकीचे. पोटोबांनी दोन्ही हात वर केले, त्यातला एक अध्यक्षबाईंनी खाली घ्यायला लावला. सचिवांनी खोळींच्या गठ्ठ्यावर वही टेकवून नोंद केली आणि चौकी राहिली.

बंब अजून आला नव्हता.

मी आनंदाने ओरडायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पेले पुन्हा विसळत होते, ते आधीच विसळलेले होते. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मॅडम, येऊ का?" जाड्या होता, मागे चौकीचे दोघं. खालून सगळी गर्दी बघून ते वर आले असणार. त्याने अधिकाऱ्यांना सलाम केला. "साहेब, लहान बंब जागेवरच आहे. आम्ही बंब हलवलेला नाही. पण सराव चालू आहे ना? वर माणूस अडकलाय असं तुम्ही फोनवर म्हणालात, केंद्रातून आम्हालाही निरोप आला. माणूस खाली नेल्याशिवाय सराव पुरा होत नाही."

अधिकाऱ्यांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे कान या वेळी लाल झाले नाहीत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पुरा करा."

दोघांनी एकमेकांची मनगटं धरून हातांची बैठक केली, तिसऱ्याने आप्पांना कमरेत धरून तिच्यावर बसवलं. एवढंच. वर्षभर आम्ही ज्या गोष्टीचा अर्ज, पाठपुरावा आणि अंदाजपत्रक करत होतो ती अशी झाली. दाराशी आप्पा म्हणाले, "थांबा रे," आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उशी."

मी कपाटावरची उशी काढली आणि त्यांच्या काखेत दिली. त्यांनी ती घट्ट धरली.

जिन्यात अर्थसमिती भिंतीला चिकटून उभी राहिली. आप्पा सगळ्यांना मान डोलवत खाली गेले, प्रत्येक वळणावर जाड्याला "सावकाश, माझी नाही, तुझी हाडं मोडतील" असं बजावत. कारखान्यातले लोक मशीन थांबवून दारात आले. रस्त्यावर ऊन होतं. आप्पांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि पायाखालच्या रस्त्याकडे बघितलं. दोन वर्षं तो त्यांनी वरून बघितला होता. चौकीच्या बाकावर मी उशी टाकली आणि चौकीवाल्यांनी आप्पांना तिच्यावर बसवलं.

तेव्हा भोंगा ऐकू आला. वळणावरून मोठा बंब धावत आला, करकचून थांबला, चालकाने उडी मारली आणि तो जागच्या जागी उभा राहिला. समोर रस्त्यात अख्खी नगरपरिषद उभी होती आणि वर अडकलेला माणूस बाकावर बसला होता.

"या," आप्पा त्याला म्हणाले. "दमला असाल. पाणी प्या."

मग मात्र मी रडले, अध्यक्षबाईंसमोर, औषधवाल्यांसमोर, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही. औषधवाल्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्याला औषधांचा वास होता.

अधिकाऱ्यांनी घड्याळ थांबवलं आणि वेळ लिहून घेतली. मग त्यांनी जाड्याला बोलावलं. "जिन्यावरून माणूस उतरवण्याचा सराव चौकीला दर आठवड्याला करायचा असतो. तुम्ही कशावर करता?"

"वाळूच्या पोत्यावर, साहेब."

"पोतं कधी कुरकुर करत नाही. त्याने सराव नीट होत नाही."

आप्पांनी उशीवर जरा सरकून बसून घेतलं. "पुढच्या वेळी उन्हं कलल्यावर ठेवा," ते म्हणाले. "आत्ता चटका बसतो."

"ठेवू," जाड्या म्हणाला. "आता वर नेऊ?"

"एवढी काय घाई आहे? हा बंब किती निवांत आला बघ."

बस तयार होती, पुढे जीप दिवा फिरवत उभी होती, पण बसमध्ये चढायची घाई कुणालाच दिसत नव्हती. पोटोबा खाली वाकून उशीची दुहेरी शिवण बघत होते. मी आप्पांच्या शेजारी बाकाच्या उघड्या अर्ध्या भागावर बसले. खरंच फार कडक होतं ते बाक.